टेक्सासच्या अंगणात लिंबू-संत्र्याचे कलम कधी लावावे: फ्रॉस्टच्या तारखेवरून लागवडीचा दिवस ठरवण्याची पद्धत

टेक्सासमधील मराठी घरांत दर वसंतात लिंबाचे झाड जमिनीत कधी लावायचे हा प्रश्न निघतो, आणि कोणीतरी आपल्या गावाची 'शेवटच्या फ्रॉस्टची तारीख', म्हणजे हिवाळा सरताना पारा गोठणबिंदूपर्यंत शेवटचा उतरतो ती तारीख, शोधून सांगतो. त्या तारखेला झाड लागते, आठ-दहा दिवसांनी एक थंड रात्र येते आणि सगळी कोवळी पालवी सकाळी उकडलेल्या पालकासारखी लोंबताना दिसते. दुसरीकडे, विदर्भात संत्र्याची कलमे पावसाच्या सुरुवातीला लावतात, ती सवय अंगात मुरलेले लोक इथेही जूनपर्यंत थांबतात आणि मग शंभर अंशांच्या उन्हात नव्या झाडाला जगवत बसतात. तारीख पाळूनही झाड जाते याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: ती तारीख विमानतळावरील हवामान केंद्राची असते, सरासरीची असते, आणि तिच्या आधी करायची कामे राहून गेलेली असतात.

पुढील पद्धत ह्यूस्टन, सॅन अँटोनियो आणि ऑस्टिन या पट्ट्यासाठी लिहिली आहे. डॅलसकरांसाठी काय बदलते ते तिसऱ्या टप्प्यात सांगितले आहे. तापमान इथल्या रिवाजाप्रमाणे फॅरनहाइटमध्ये दिले आहे. ३२ अंश म्हणजे सेल्सिअसचे शून्य.

१. तारखेचा अर्थ समजून घ्या

'शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख' म्हणून जी सांगितली जाते, ती बहुधा पन्नास टक्के शक्यतेची तारीख असते. म्हणजे दर दोन वर्षांतून एका वर्षी त्या तारखेनंतरही पारा ३२ अंशांपर्यंत उतरतो. टोमॅटोचे दोन-चार डॉलरचे रोप असेल तर असा जुगार खेळायला हरकत नाही. पाच-सहा वर्षे ज्याच्या फळांची वाट पाहायची आहे त्या कलमासाठी तो परवडत नाही.

अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि महासागरविषयक सरकारी संस्थेने १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून प्रत्येक हवामान केंद्रासाठी तक्ते तयार केले आहेत. त्यांत ३६, ३२, २८, २४ अशा वेगवेगळ्या तापमानांसाठी आणि वेगवेगळ्या शक्यतांसाठी तारखा दिलेल्या असतात. आपल्या जवळच्या केंद्राचा तक्ता काढावा आणि त्यातील वसंत ऋतूचा भाग वाचावा. इथे हमखास एक चूक होते. नव्वद टक्क्यांची तारीख 'जास्त खात्रीची' समजून निवडली जाते; प्रत्यक्षात वसंताच्या तक्त्यात नव्वद टक्के म्हणजे त्या तारखेनंतरही गोठण्याची शक्यता नव्वद टक्के. आपल्याला हवी असते दहा टक्क्यांची, म्हणजे सर्वांत उशिराची तारीख.

*तपासणी:* तुमच्या कागदावरील दहा टक्क्यांची तारीख पन्नास टक्क्यांच्या तारखेच्या नंतरची आहे ना? आधीची असेल, तर तुम्ही शरद ऋतूचा रकाना वाचत आहात.

आणखी एक गोंधळ 'झोन'चा होतो. अमेरिकी कृषी खात्याचा झोनचा नकाशा, ज्याची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली, वर्षातील सर्वांत थंड रात्र सरासरीने किती थंड असते एवढेच सांगतो. झाड तिथे हिवाळा काढेल की नाही याचा अंदाज त्यावरून येतो. लागवड कधी करावी याविषयी त्या नकाशात काहीही नसते, त्यामुळे 'आमचा झोन ९ आहे, मग फेब्रुवारीत लावले तर चालेल' हे विधान निराधार ठरते.

२. आपले अंगण आणि हवामान केंद्र यांतील फरक मोजा

हा टप्पा जवळपास सगळे जण गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतो. निरभ्र, निर्वात रात्री जमिनीलगतची हवा त्याहून बरीच थंड असते, आणि नव्याने लावलेले कलम जेमतेम दोन-तीन फूट उंच असल्यामुळे ते नेमके त्याच थंड थरात उभे असते. म्हणूनच केंद्राने ३६ अंश दाखवलेल्या रात्रीही गवतावर पांढरे दहिवर दिसू शकते. शिवाय थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी किंवा लाकडी कुंपणाच्या अडसराशी साचते. ऑस्टिनमध्येच पाहिले तर सखल भागातील विमानतळाचे केंद्र शहरातील कॅम्प मॅब्रीच्या केंद्रापेक्षा रात्री बरेच थंड असते आणि दोन्हींच्या शेवटच्या फ्रॉस्टच्या तारखा जुळत नाहीत. एका शहरात 'ऑस्टिनची तारीख' अशी एकच तारीख नसते.

फरक मोजण्यासाठी किमान-कमाल तापमान नोंदवणारा साधा तापमापक पुरतो. झाड जिथे लावायचे आहे तिथेच, दोन-तीन फुटांवर, वरून आडोसा करून तो टांगावा. जानेवारी-फेब्रुवारीत किमान सहा-सात निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्रींचे किमान तापमान लिहावे, आणि त्याच रात्रींचे केंद्राचे किमान तापमान शेजारी मांडावे. ढगाळ किंवा वादळी रात्री या हिशेबात धरू नयेत, कारण तेव्हा सगळीकडे तापमान जवळजवळ सारखेच असते आणि फरक लपतो. मी एका हिवाळ्यात असे दोन तापमापक लावले होते, एक मागच्या कुंपणालगतच्या कोपऱ्यात आणि दुसरा दक्षिणेकडील विटांच्या भिंतीजवळ. एकाच रात्री दोघांत पाच अंशांचे अंतर पडले. त्याआधीचे माझे कागदी लिंबू त्याच कोपऱ्यात गेले होते.

आता हा फरक तक्त्याला लावायचा. पहिल्या वर्षीच्या कलमासाठी, जात कोणतीही असो, ३२ अंश ही मर्यादा धरावी. तुमची जागा केंद्रापेक्षा चार अंशांनी थंड असेल, तर केंद्र ३६ दाखवील तेव्हा तुमच्याकडे ३२ असेल. म्हणून तक्त्यात ३२ चा नव्हे तर ३६ चा रकाना पाहावा आणि त्यातील दहा टक्क्यांची तारीख घ्यावी. ही तुमच्या अंगणाची खरी तारीख. ती शहराच्या प्रसिद्ध तारखेपेक्षा तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही पुढे गेलेली दिसली तर दचकू नये.

३. जात आणि खुंट यांची निवड

थंडी सोसण्याच्या बाबतीत लिंबूवर्गातील झाडांमध्ये मोठे अंतर आहे. आपले कागदी लिंबू, जे इथे मेक्सिकन किंवा की लाइम म्हणून मिळते, सर्वांत नाजूक. पारा ३२ च्या खाली जाताच त्याला इजा होऊ लागते. युरेका आणि लिस्बन ही लिंबे त्याहून जरा बरी, आणि मेयर लिंबू त्यांच्याहून काटक. मोसंबीच्या जातीची गोड संत्री मधल्या पायरीवर येतात. सोलायला सोप्या सालीचे सत्सुमा, जे आपल्या नागपुरी संत्र्याच्या कुळातले आहे, ते आणि छोटे कुमक्वाट सर्वांत तग धरणारे. मोठी झालेली, थंडीला सरावलेली ही झाडे विशीच्या घरातील तापमानही थोडा वेळ सोसतात. मात्र हे आकडे वाढलेल्या झाडांचे आहेत.

खुंटाकडे, म्हणजे ज्या मुळावरच्या रोपावर कलम बांधलेले असते त्याकडे, कोणी पाहत नाही. तीन पानांच्या ट्रायफोलिएट खुंटावरील कलम हिवाळ्यात लवकर विश्रांती घेते आणि म्हणून अधिक थंडी सोसते. पण चुनखडीच्या, जास्त सामूच्या (पीएच) जमिनीत त्याची पाने लोहाअभावी पिवळी पडतात. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या पश्चिमेकडील चुनखडी जमिनीत हा त्रास ठरलेला आहे. तिथे खड्डा भरण्यापेक्षा उंच वाफा करणे सोयीचे.

डॅलस-फोर्ट वर्थमध्ये शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख मार्चच्या मध्याच्या आसपास येते आणि एप्रिलमध्येही गोठणाऱ्या रात्री येऊन गेल्या आहेत. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या विमानतळावर पारा शून्याखाली २ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला होता. तिथे लिंबू जमिनीत लावूच नये, चाके लावलेल्या मोठ्या कुंडीत ठेवावे आणि या लेखातील तारखांचा उपयोग कुंडी आत-बाहेर करण्यासाठी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सत्सुमाचा प्रयोग हौसेने करायला हरकत नाही.

*इशारा:* लिंबूवर्गीय कलमे, डोळे किंवा फांद्या भारतातून सामानात आणू नयेत, आणि परवानगीशिवाय दुसऱ्या राज्यातूनही टेक्सासमध्ये आणता येत नाहीत. सिट्रस ग्रीनिंग हा रोग २०१२ पासून टेक्सासमध्ये आहे आणि तो सिट्रस सायला या किडीबरोबर पसरतो. झाड स्थानिक परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावे.

४. लागवडीचा काळ दोन्ही टोकांनी बांधा

दुसऱ्या टप्प्यात निघालेली तारीख हे सुरुवातीचे टोक. शेवटचे टोक उन्हाळा ठरवतो: दिवसाचे तापमान सतत पंच्याण्णवच्या वर जाण्याआधी मुळांना निदान सहा आठवडे मिळाले पाहिजेत. ह्यूस्टन परिसरात हा काळ साधारणपणे मार्चच्या आरंभापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत येतो, ऑस्टिनच्या सखल भागात मार्चअखेरीपासून एप्रिलअखेरीपर्यंत.

मुहूर्त म्हणून गुढीपाडवा धरणारे काही जण आहेत, आणि बऱ्याच वर्षी ते जमूनही जाते. पण पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला आला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. फ्रॉस्ट तिथी पाहत नाही, तेव्हा पाडवा लवकर येईल त्या वर्षी कुंडीला हळद-कुंकू वाहावे आणि खड्डा नंतर भरावा.

टेक्सासमध्ये ओक, पिकान अशी झाडे शरद ऋतूत लावण्याची शिफारस सर्रास केली जाते, आणि तीच शिफारस लिंबालाही लावली जाते. ओक हिवाळ्यात झोपतो. लिंबू सदाहरित आहे. ऑक्टोबरात लावलेले कलम मुळे न धरताच पहिल्या गोठणाला सामोरे जाते. थंड पट्ट्यात शरदातील लागवड टाळावी.

दुकानांच्या वेळापत्रकावरही विसंबू नये. फेब्रुवारीतच फुलांनी लगडलेली लिंबे मोठ्या दुकानांच्या दारात मांडलेली दिसतात. ती उबदार हरितगृहातून आलेली असतात आणि थंडीच्या दृष्टीने सर्वांत कमकुवत अवस्थेत असतात. विकत घ्यायला हरकत नाही, लावायला आहे.

५. तारखेच्या चार आठवडे आधी: जागा

घराच्या दक्षिण किंवा आग्नेय बाजूची, निदान सहा ते आठ तास ऊन मिळणारी, उत्तरेच्या वाऱ्यापासून घराने झाकलेली जागा उत्तम. भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर ठेवावे. लॉनच्या फवाऱ्यांचे पाणी खोडावर पडत असेल तर ते तोंड फिरवून घ्यावे, कारण सतत ओल्या खोडाला डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, लागतो.

जागेचा निचरा तपासण्यासाठी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरावा. दुसरे पाणी दुसऱ्या दिवशीही उभे असेल, तर तिथे खड्डा न करता आजूबाजूच्या मातीचाच फूट-दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद उंचवटा करावा. चार फूट व्यासातील गवत मुळासकट काढावे. उघडी, ओलसर माती दिवसा ऊन शोषते आणि रात्री ती ऊब परत देते. गवत किंवा जाड आच्छादन ती देवघेव बंद पाडते. आच्छादन चांगलेच असते हा आपला समज फ्रॉस्टच्या काळात मागे ठेवावा लागतो.

*इशारा:* खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट किंवा कुंडीची माती भरू नये. चिकणमातीच्या खड्ड्यात सैल मिश्रण भरले की तो पाणी धरणारा हौद होतो.

६. तारखेच्या दोन आठवडे आधी: झाड सरावणे

हरितगृहातून आलेले किंवा हिवाळाभर घरात ठेवलेले झाड एकदम उन्हात ठेवले तर पाने भाजतात, एकदम थंडीत ठेवले तर गळतात. पहिले तीन-चार दिवस ते बाहेर सावलीत ठेवावे आणि रात्री पारा चाळीसच्या खाली जाणार असेल तर आत घ्यावे. पुढचे चार-पाच दिवस सकाळचे ऊन द्यावे. शेवटी पूर्ण ऊन, रात्रीही बाहेर. या काळात खत अजिबात देऊ नये. खताने नवती फुटते, आणि नवी कोवळी नवती हा झाडाचा थंडीला सर्वांत आधी बळी पडणारा भाग असतो.

७. लागवडीचा दिवस

तारीख उजाडली म्हणून लगेच खड्डा भरायचा नाही. आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पुढील दहा दिवसांच्या अंदाजातील प्रत्येक रात्रीतून तुमच्या अंगणाचा फरक वजा करून ३६ च्या वर आकडा उरतो का? सहा इंच खोलीवर सकाळी मातीचे तापमान साठच्या आसपास आहे का? (पंचावन्नच्या खाली लिंबाची मुळे जवळजवळ वाढतच नाहीत, थंड, ओल्या मातीत ती नुसती बसून राहतात आणि कुजण्याची संधी शोधतात.) आणि जमिनीला वाफसा आहे का, म्हणजे ती चिखल नाही आणि कोरडीही नाही अशी आहे का? तिन्ही उत्तरे होकारार्थी नसतील तर आठवडाभर थांबावे. कुंडीतील झाडाचे आठवड्याने काही बिघडत नाही.

खड्डा मुळांच्या गोळ्याहून किंचित उथळ करावा. कुंडीतून काढलेल्या गोळ्याच्या बाहेरील बाजूचे इंचभर मिश्रण पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन टाकावे, म्हणजे मुळांची टोके उघडी पडून थेट अंगणातील मातीला भिडतात. ही पायरी क्रूर वाटते, पण ती गाळली तर मुळे वर्षभर त्या सैल मिश्रणातच घोटाळतात. गोळ्याचा माथा आसपासच्या जमिनीपेक्षा इंचभर वर राहील असे झाड ठेवावे, खणलेलीच माती भरावी आणि माथ्यावर त्याच मातीचा पातळ थर द्यावा, नाहीतर उघडे मिश्रण वातीसारखे पाणी उडवते. कलमाचा जोड जमिनीपासून निदान चार-सहा इंच वर दिसला पाहिजे.

खोडाभोवती दोन फूट व्यासाचे आळे करून ते पाण्याने भरावे. पहिले दोन आठवडे दोन-तीन दिवसांआड, नंतर आठवड्यातून एकदा पाणी पुरते. उघड्या खोडाला पाण्याने निम्मा पातळ केलेला, घराच्या आतील भिंतींसाठीचा पांढरा लॅटेक्स रंग लावावा. पहिल्या उन्हाळ्यात साल भाजत नाही.

*तपासणी:* पाणी जिरल्यावर झाड खाली बसले का? बसले असल्यास त्याच दिवशी उचलून पुन्हा उंच लावावे. खोल लागलेले लिंबू नंतर सावरत नाही.

८. तरीही थंड रात्र आली तर

दहा टक्के म्हणजे शून्य नव्हे. लागवडीनंतर महिनाभर राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशातील आपल्या घराच्या ठिकाणाचा अंदाज रोज संध्याकाळी पाहावा. फ्रॉस्टचे आणि गोठणाचे औपचारिक इशारे वाढीचा हंगाम चालू मानला जातो त्या काळापुरतेच सहसा दिले जातात, त्यामुळे इशारा आला नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये.

आदल्या दिवशी दुपारी माती ओली करावी. सूर्यास्तापूर्वी जुनी चादर किंवा शेतीचे पांढरे कापड तीन-चार काठ्यांच्या आधारे झाडावरून थेट जमिनीपर्यंत सोडावे आणि कडांवर विटा ठेवाव्यात. पुष्कळ जण कापड झाडाच्या डोक्यावर घेऊन खोडाशी गाठ मारतात; तसे केल्याने जमिनीची ऊब बाहेरच राहते, आणि आपण झाडाला फक्त टोपी घातलेली असते. प्लास्टिक पानांना टेकता कामा नये. कापडाखाली जुन्या पद्धतीच्या, गरम होणाऱ्या दिव्यांची बाहेर वापरण्यायोग्य माळ कापडाला न टेकेल अशी सोडली तर दोन-चार अंशांचा फरक पडतो. दिवाळीच्या एलईडी माळांनी नुसता उजेड पडतो. सकाळी ऊन आले की कापड काढावे.

हे सारे निरभ्र, निर्वात रात्रीसाठी. उत्तरेचा जोरदार वारा घेऊन आलेल्या थंडीत कापडाखालची ऊब टिकत नाही.

९. पहिला हिवाळा: आता तारखा उलट मोजा

शरद ऋतूतील पहिल्या फ्रॉस्टची तारीखही त्याच तक्त्यातून घ्यावी. इथे पुन्हा दहा टक्क्यांची, पण ती आता सर्वांत लवकरची असते. तिच्यापासून मागे मोजत यावे. नत्राचे खत ऑगस्टअखेरीस बंद. सप्टेंबरपासून छाटणी बंद, कारण छाटणीने नवती फुटते. नोव्हेंबरात पाणी कमी, परंतु माती कोरडीठाक नको.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, खोडावर ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारून कलमाच्या जोडाच्या वर निदान फूटभर स्वच्छ मातीचा ढीग खोडाभोवती रचावा. फांद्या गेल्या तरी जोड आणि त्यावरील थोडे खोड वाचते, आणि तेवढ्यावरून मूळ जातीचे झाड परत उभे राहते. ढीग मार्चच्या सुरुवातीला काढून खोड धुवावे. तो तसाच ठेवला तर साल कुजते. पहिली तीन-चार वर्षे हे काम दर हिवाळ्यात करावे लागते.

१०. थंडी लागल्यानंतर

कात्री हातात घेऊ नये. करपलेली पाने फांदीला चिकटून राहिली तर फांदी बहुधा मेलेली असते, पाने गळून पडली तर बहुधा जिवंत. पण खरी मर्यादा कुठे आहे हे वसंतातील नवती फुटेपर्यंत कळत नाही, आणि ती फुटलीच तरी कधी कधी पुन्हा सुकते. मे महिन्यापर्यंत थांबून जिवंत भागापर्यंत छाटावे. पाने गेलेल्या झाडाला पाणी निम्म्याहून कमी लागते. नेहमीइतके दिले तर मुळे कुजतात.

फुटलेली फांदी जोडाच्या वरून आली आहे की खालून, हे पाहावे. जोडाच्या खालून, तीन-तीन पानांच्या काटेरी फुटव्या येत असतील तर तो खुंट आहे. त्याला लागणारी फळे कडू आणि बियांनी भरलेली असतात. जोडाच्या वर मेअखेरीपर्यंत काहीच हिरवे दिसले नाही, तर झाड काढून टाकावे आणि त्या रात्री त्या जागेवरील तापमापकाने दाखवलेला आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण पुढच्या झाडासाठी तक्त्यातील रकाना त्याच आकड्यावरून निवडायचा आहे.